वेव्हगाइडमधला एकटा फोटॉन आणि प्रबळ युग्मन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदव्युत्तर विद्यार्थी, महाविद्यालयीन शिक्षक आणि क्वांटम तंत्रज्ञानाविषयी कुतूहल असणारे वाचक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत आणि पुढचे अधिकाधिक अडचणीचे होत जातात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वेव्हगाइड म्हणजे काय, आणि त्यात एकच फोटॉन पाठवण्याला एवढे महत्त्व का?

विद्युतचुंबकीय तरंगाला आजूबाजूला पसरू न देता एकाच रेषेत पुढे नेणारी रचना म्हणजे वेव्हगाइड. केसापेक्षा कितीतरी बारीक ताणलेला काचेचा तंतू, सूक्ष्म छिद्रांची जाळी कोरलेली अर्धवाहकाची पट्टी, किंवा चिपवर आखलेली अतिसंवाहक धातूची मायक्रोवेव्ह वाहिनी ही त्याची प्रयोगशाळेत नेहमी वापरली जाणारी तीन रूपे होत. तरंगाला जायला उजवी आणि डावी अशा दोनच दिशा उरल्या, की वाटेत ठेवलेल्या अणूशी त्याची गाठ पडणे जवळजवळ अटळ होते. फोटॉन सहसा एकमेकांना ओळखतही नाहीत. प्रकाशाचे दोन झोत एकमेकांतून आरपार जातात आणि काहीच घडत नाही. एका फोटॉनचे अस्तित्व दुसऱ्याच्या वाटचालीवर परिणाम करील असे घडवायचे असेल, तर मध्ये एक असा पदार्थ हवा जो एकाच फोटॉनने बदलतो. वेव्हगाइडला घट्ट जोडलेला एक अणू हा असा सर्वांत साधा पदार्थ आहे.

२. हेच मोकळ्या जागेत भिंगाने प्रकाश केंद्रित करून का जमत नाही?

काही प्रमाणात जमते, पण पुरेसे जमत नाही. अनुनादाच्या, म्हणजे अणूच्या स्वतःच्या वारंवारतेवर एका अणूचे प्रकीर्णन-क्षेत्रफळ (जेवढ्या क्षेत्रफळावरचा प्रकाश तो विखुरतो ते) तरंगलांबीच्या वर्गाच्या जवळपास निम्मे असते, म्हणजे अणू स्वतःच्या आकाराच्या मानाने प्रचंड मोठा दिसतो. त्यामुळे झोत तेवढ्याच ठिपक्यावर आणला की काम झाले, असे वाटते. अडचण अशी, की अणू द्विध्रुवाप्रमाणे जवळजवळ सर्व दिशांना उत्सर्जन करतो आणि भिंगातून येणारा झोत एका शंकूतूनच येतो. दोन्हींचे आकार जुळत नाहीत आणि जुळत नाही तेवढा भाग हातातून निसटतो. वेव्हगाइडमध्ये हा हिशेब एका संख्येत मावतो, ती म्हणजे बीटा. उत्तेजित अणूने सोडलेला फोटॉन वेव्हगाइडमध्येच जाण्याची शक्यता म्हणजे बीटा. वेव्हगाइडमध्ये होणाऱ्या उत्सर्जनाच्या दराला यापुढे ‘वाहक-दर’ आणि इतरत्र होणाऱ्या ऱ्हासाच्या दराला ‘गळती-दर’ म्हणू. वाहक-दराला दोन्हींच्या बेरजेने भागले की बीटा मिळतो.

३. ‘प्रबळ युग्मन’ म्हणजे नक्की किती प्रबळ? कॅव्हिटीतले आणि वेव्हगाइडमधले प्रबळ युग्मन एकच का?

एकच नाही, आणि या विषयातला निम्मा गोंधळ इथेच सुरू होतो. युग्मन म्हणजे अणू आणि प्रकाश यांची जोडणी. ‘प्रबळ’ हे विशेषण एकटे निरर्थक आहे. कशाच्या तुलनेत प्रबळ, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

कॅव्हिटीत, म्हणजे दोन आरशांमध्ये कोंडलेल्या प्रकाशाच्या बाबतीत, अणू आणि प्रकाश यांच्यातील ऊर्जेच्या देवाणघेवाणीचा दर हा कॅव्हिटीच्या ऱ्हासाच्या दरापेक्षाही मोठा आणि अणूच्या ऱ्हासाच्या दरापेक्षाही मोठा असेल, तर युग्मन प्रबळ मानतात. तेव्हा फोटॉन बाहेर पडण्यापूर्वी अणू आणि कॅव्हिटी यांच्यात अनेकदा मागे-पुढे होतो आणि वर्णपटात एका शिखराची दोन शिखरे झालेली दिसतात. जेन्स आणि कमिंग्ज यांनी १९६३ मध्ये मांडलेले प्रारूप याच परिस्थितीचे आहे. २००४ मध्ये येल विद्यापीठात अतिसंवाहक परिपथात एकाच क्युबिटबाबत, म्हणजे दोन ऊर्जा-पातळ्यांच्या क्वांटम घटकाबाबत, हे दिसून आले.

उघड्या वेव्हगाइडमध्ये कॅव्हिटी नसते, त्यामुळे गेलेला फोटॉन परत येत नाही आणि मागे-पुढे होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे प्रबळ युग्मन म्हणजे वाहक-दर हा गळती-दरापेक्षा कितीतरी मोठा असणे, म्हणजेच बीटा एकाच्या जवळ असणे. तिसरा प्रकार अतिप्रबळ युग्मनाचा. तेथे तुलना ऱ्हासाशी नसून अणूच्या स्वतःच्या वारंवारतेशी असते. त्याचे परिणाम पूर्णपणे वेगळे असल्यामुळे तो प्रश्न १७ मध्ये स्वतंत्रपणे घेतला आहे.

४. अणू दोन्ही बाजूंना सारखाच प्रकाश सोडतो. मग तो फोटॉनला पूर्ण परत कसा पाठवतो? निम्मा पुढे जायला नको का?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे, आणि त्यामागची शंका अगदी रास्त आहे. भिंतीवर आपटून परतणाऱ्या चेंडूचे चित्र मनात असेल तर हे कोडे सुटत नाही, म्हणून ते चित्र आधी बाजूला ठेवावे.

येणाऱ्या तरंगाचा आयाम १ मानू. अनुनादावर आणि गळती शून्य असताना अणू दोन्ही दिशांना उणे १ एवढ्या आयामाचा तरंग सोडतो. मागच्या दिशेला दुसरा कोणताही तरंग नसल्यामुळे तेथे उणे १ तसाच राहतो आणि परावर्तन १०० टक्के होते. पुढच्या दिशेला मात्र मूळ तरंग अजून अस्तित्वात असतो. १ आणि उणे १ यांची बेरीज शून्य होते, म्हणून पुढे काहीच जात नाही. अणू फोटॉनला अडवत नाही. त्याने पुढे सोडलेला तरंग मूळ तरंगाला व्यतिकरणाने पुसून टाकतो. ऊर्जेचा हिशेबही याच कारणाने जुळतो, कारण पुढच्या दिशेच्या दोन तरंगांची ऊर्जा वेगवेगळी मोजून बेरीज करणे मुळातच चुकीचे आहे.

वारंवारता अनुनादापासून ढळली की हा तोल बिघडतो. ढळ एकूण रेषारुंदीच्या (अणू प्रतिसाद देतो त्या वारंवारता-पट्ट्याच्या रुंदीच्या) निम्म्याइतका झाला, की परावर्तन ५० टक्क्यांवर येते. म्हणून आत पाठवलेल्या फोटॉनचा वारंवारता-पट्टा अणूच्या रेषारुंदीपेक्षा बराच अरुंद हवा, म्हणजेच त्याचा स्पंद काळात तेवढा लांब हवा. एकट्या फोटॉनचे हे गणित स्टॅनफर्ड विद्यापीठातील जुंग-त्सुंग शेन आणि शानहुई फॅन यांनी २००५ मध्ये मांडले. पुढची बरीचशी सैद्धांतिक कामे त्याच चौकटीत झाली.

५. बीटा ९० टक्के असेल तर ९० टक्के फोटॉन परत येतील, बरोबर?

नाही. परावर्तनाचा आयाम बीटाएवढा असतो, आणि शक्यता म्हणजे आयामाचा वर्ग. बीटा ०.९ असेल तर अनुनादावर ८१ टक्के फोटॉन परत येतात, १ टक्का पुढे जातात आणि १८ टक्के गळतीत नाहीसे होतात. बीटा ०.५ असेल तर २५ टक्के परत येतात, २५ टक्के पुढे जातात आणि तब्बल ५० टक्के हरवतात. गळतीचे प्रमाण सर्वांत जास्त होते ते याच ठिकाणी. यावरून एक व्यावहारिक इशारा निघतो. पारगमनातील घट पाहून बीटा ठरवणाऱ्याने ९९ टक्के घट पाहिली, तरी त्याच्या हाती बीटा ०.९ एवढाच असतो. परावर्तन स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय प्रबळ युग्मनाचा दावा करू नये, असे माझे मत आहे. एकाच दिशेने जोडलेल्या अणूला हा हिशेब लागू होत नाही. त्यासाठी प्रश्न १३ पाहावा.

६. हे प्रत्यक्षात कोणी करून दाखवले आहे का, की सगळे कागदावरच आहे?

करून दाखवले आहे, आणि एकाहून अधिक मार्गांनी. २०१० मध्ये ओलेग अस्ताफिएव्ह आणि त्यांच्या जपानमधील सहकाऱ्यांनी अतिसंवाहक मायक्रोवेव्ह वाहिनीला जोडलेल्या एकाच कृत्रिम अणूने (अणूसारख्या ऊर्जा-पातळ्या असणाऱ्या अतिसंवाहक परिपथाने) पारगमित शक्तीत ९४ टक्के घट घडवून आणली. २०११ मध्ये स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठाच्या गटाने ट्रान्समॉन प्रकारचे क्युबिट वापरून ही घट ९९ टक्क्यांच्या पुढे नेली आणि त्याच उपकरणाने मायक्रोवेव्ह संकेत हवा तेव्हा पुढे किंवा मागे वळवून दाखवला.

प्रकाशाच्या क्षेत्रात कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतील पीटर लोडाल यांच्या गटाने २०१४ मध्ये फोटॉनिक क्रिस्टल (सूक्ष्म छिद्रांच्या जाळीच्या) वेव्हगाइडमधील क्वांटम डॉटसाठी, म्हणजे अणूसारखे वागणाऱ्या अर्धवाहकाच्या सूक्ष्म कणासाठी, ९८.४ टक्के बीटा नोंदवला. खऱ्या अणूंच्या बाबतीत गाडी अजून मागे आहे. माइन्झमध्ये २०१० साली अर्नो राउशेनबॉयटेल यांच्या गटाने सुमारे ५०० नॅनोमीटर व्यासाच्या काचतंतूभोवती सीझियमचे अणू पकडून ठेवले, परंतु तेथे एकेका अणूचा बीटा काही टक्क्यांपुरताच असतो आणि ती उणीव अणूंची संख्या वाढवून भरून काढावी लागते. पॅरिसमध्ये २०१६ साली अशाच तंतूलगत योग्य अंतरावर मांडलेल्या सुमारे २,००० अणूंच्या माळेने ७५ टक्क्यांपर्यंत परावर्तन मिळवले.

७. अतिसंवाहक चिप इतकी थंड का ठेवावी लागते? अतिसंवाहकता तर त्याआधीच येते.

अॅल्युमिनियम साधारण १.२ केल्विनलाच अतिसंवाहक होते, हे खरे आहे. १० ते २० मिलिकेल्विनपर्यंत जाण्याचे मुख्य कारण वेगळे आहे. ५ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा तापमानाच्या भाषेत अवघी ०.२४ केल्विन एवढी असते. खोलीच्या तापमानाला अशा वाहिनीत उष्णतेमुळेच सरासरी १,२५० च्या आसपास फोटॉन असतात, आणि त्या गर्दीत एकट्या फोटॉनचा प्रयोग करणे अशक्य आहे.

नुसती चिप थंड करूनही भागत नाही, कारण बाहेरून येणारी तार खोलीतली उष्णता आत आणते. म्हणून येणाऱ्या वाहिनीवर शीतकाच्या वेगवेगळ्या तापमानाच्या पायऱ्यांवर क्षीणकारक बसवतात. १,२५० चा आकडा ०.००१ च्या खाली आणायचा तर एकूण क्षीणन ६० डेसिबलपेक्षा जास्त लागते. क्षीणनाची गरज दुसऱ्या बाजूनेही असते. वाहक-दराची रेषारुंदी १० मेगाहर्ट्झ असेल, तर अणूला संपृक्त करणारी शक्ती सुमारे २ × १०⁻¹⁶ वॉट, म्हणजे एक मिलिवॉटच्या खाली १२७ डेसिबल एवढी नगण्य असते. टेबलावरचा साधा मायक्रोवेव्ह जनित्र त्या मानाने महापूर आणतो.

प्रकाशाच्या फोटॉनांना ही अडचण नसते. ९३० नॅनोमीटरचा फोटॉन तापमानाच्या भाषेत १५,००० केल्विनच्या पलीकडचा असल्यामुळे खोलीची उष्णता असे फोटॉन निर्माण करत नाही. क्वांटम डॉट थंड ठेवतात ते स्फटिकाची कंपने शांत करण्यासाठी.

८. खरा एकटा फोटॉन बनवणे कठीण आहे. अगदी मंद लेझर वापरला तर चालेल का?

काय मोजायचे आहे यावर ते अवलंबून आहे. परावर्तन आणि पारगमन यांचे सरासरी प्रमाण मोजायचे असेल, तर पुरेशा मंद सुसंगत (लेझरसारख्या, ठरावीक फेजच्या) संकेताने तेच उत्तर मिळते जे एकट्या फोटॉनने मिळाले असते. प्रश्न ६ मधील २०१० आणि २०११ चे मापनही अशाच मंद संकेतांनी केलेले होते.

फोटॉनांमधील सहसंबंध किंवा स्पंदागणिक घडणारी क्रिया अभ्यासायची असेल, तर मात्र मंद लेझर हा एकट्या फोटॉनचा पर्याय ठरत नाही. स्पंदात सरासरी ०.१ फोटॉन ठेवला, तर सुमारे ९०.५ टक्के स्पंद रिकामे असतात, ९ टक्क्यांत एक फोटॉन असतो आणि अर्ध्या टक्क्यात दोन किंवा अधिक. म्हणजे रिकामे नसलेल्या दर वीस स्पंदांपैकी जवळपास एकात एकाहून अधिक फोटॉन असतात. स्पंद आणखी मंद केला की हे प्रमाण घटते, पण मापनाचा काळ त्याच गतीने वाढत जातो.

९. दोन फोटॉन एकाच वेळी आले तर काय होते?

खरी गंमत इथे आहे. द्विस्तरी, म्हणजे दोनच ऊर्जा-पातळ्यांचा अणू एका वेळी एकच फोटॉन सामावून घेऊ शकतो. पहिल्याने त्याला उत्तेजित केले, की दुसऱ्यासाठी तो तेवढ्यापुरता नसल्यासारखा होतो. प्रश्न ४ मधला काटेकोर तोल दोन फोटॉनांसाठी साधत नाही. परिणामी मंद सुसंगत संकेत पाठवला तर परावर्तित बाजूला दोन फोटॉन एकाच क्षणी कधीच सापडत नाहीत, तर पारगमित बाजूला ते जोडीने सापडण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा वाढते. एकेकटे फोटॉन मागे फिरतात आणि जोड्या निसटून पुढे जातात. हे दोन्ही परिणाम चाल्मर्सच्या गटाने २०१२ मध्ये मायक्रोवेव्ह वाहिनीत मोजले.

शेन आणि फॅन यांनी २००७ मध्ये या प्रश्नाचे नेमके उत्तर काढले तेव्हा एक विशेष गोष्ट पुढे आली. बाहेर पडणाऱ्या दोन फोटॉनांच्या अवस्थेत एक बद्ध अवस्था असते, जिच्यात ते एकमेकांच्या लगत प्रवास करतात आणि त्यांच्यातील अंतर वाढू लागले की ती शक्यता घातांकी वेगाने घटते. त्यांना बांधणारे कोणतेही बल वाटेत नसते. अणूशी झालेल्या एकाच भेटीतून हे नाते तयार होते. २०२३ मध्ये बाझेल आणि सिडनी येथील संशोधकांनी एका बाजूने उघड्या कॅव्हिटीतील क्वांटम डॉटवर स्पंद पाठवून दाखवले, की एकट्या फोटॉनला सुमारे १४४ पिकोसेकंदांचा विलंब होतो, तर दोन फोटॉनांच्या बद्ध अवस्थेला सुमारे ६६ पिकोसेकंदांचाच. जोडी एकट्यापेक्षा लवकर बाहेर पडते.

१०. परावर्तन नको आहे. अणूने फोटॉन पूर्ण शोषून घ्यावा असे करता येईल का?

येईल, पण दोन अटी आहेत. अणूने उत्सर्जित केलेला फोटॉन दोन्ही दिशांना जातो आणि त्याचा आयाम काळाबरोबर घातांकी रीतीने घटत जातो. ही सगळी घटना काळात उलटी फिरवली, तर पूर्ण शोषणाची कृती मिळते. म्हणजे फोटॉन दोन्ही बाजूंनी योग्य फेजमध्ये यायला हवा, आणि त्याचा आयाम घातांकी रीतीने वाढत जाऊन अचानक संपायला हवा.

पहिली अट मोडून फोटॉन एकाच बाजूने पाठवला, तर आकार कोणताही असो, उत्तेजनाची शक्यता ५० टक्क्यांच्या वर जात नाही. वेव्हगाइडचे एक टोक आरशाने बंद करणे हा त्यावरचा नेहमीचा उपाय आहे. दुसरी अट मोडली तर नुकसान आकारावर अवलंबून असते. गाउसीय स्पंदाने जास्तीत जास्त सुमारे ८० टक्के आणि उलट्या, म्हणजे घटत जाणाऱ्या घातांकी स्पंदाने सुमारे ५४ टक्के उत्तेजन साधते. सांता बार्बरा येथील गटाने २०१४ मध्ये असे काळ-उलट मायक्रोवेव्ह स्पंद घडवून ९९.४ टक्के शोषण मिळवले होते. तेथे शोषून घेणारा मात्र अणू नसून अनुनादक होता, आणि स्पंद सुसंगत अवस्थेचे होते.

येथे एक विसंगती वाटणारी बाब नोंदवतो. परावर्तन परिपूर्ण व्हावे म्हणून स्पंद लांब ठेवावा लागतो, आणि स्पंद जितका लांब तितका अणू कोणत्याही क्षणी कमी उत्तेजित असतो. अणूच्या आयुर्मानाच्या १०० पट लांब स्पंदात ही शक्यता जेमतेम २ टक्के राहते. अणू जवळजवळ उत्तेजित न होताच फोटॉनला परत फिरवतो.

११. अणूऐवजी ‘कॅव्हिटी आणि अणू’ अशी जोडी वेव्हगाइडला जोडली तर?

कॅव्हिटी वेव्हगाइडच्या बाजूला जोडली आहे असे समजू. ती रिकामी असताना तिच्या अनुनादाचा फोटॉन प्रश्न ४ मधल्या कारणानेच परत फिरतो. आत त्याच वारंवारतेचा, गळती नसलेला अणू ठेवला, की चित्र उलटते. नेमक्या त्याच वारंवारतेवर वेव्हगाइड पूर्ण पारदर्शक होते, आणि परावर्तन दोन नव्या वारंवारतांवर सरकते, मध्यापासून युग्मन-दराएवढ्या अंतरावर, दोन्ही बाजूंना. फोटॉन कॅव्हिटीच्या थेट आरपार जाणारा असेल, तर परावर्तन आणि पारगमन यांच्या भूमिका अदलाबदल होतात. आकृती न पाहता लेखातला आलेख वाचणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते.

ही पारदर्शकता मिळवण्यासाठी प्रश्न ३ मधले प्रबळ युग्मन आवश्यक नसते. युग्मन-दराचा वर्ग हा कॅव्हिटी आणि अणू यांच्या ऱ्हास-दरांच्या गुणाकारापेक्षा बराच मोठा असला की पुरते, मग दोन शिखरे वेगळी दिसोत वा न दिसोत.

खरे प्रबळ युग्मन असेल तर आणखी एक गोष्ट मिळते. पहिल्या फोटॉनसाठी जुळवलेली वारंवारता दुसऱ्या फोटॉनसाठी जुळत नाही, ती युग्मन-दराच्या सुमारे ०.५९ पट ढळलेली असते. म्हणून एक फोटॉन आत असताना दुसऱ्याला प्रवेश मिळत नाही. या फोटॉन-अवरोधाचे दर्शन २००५ मध्ये कॅलटेक येथे जेफ किंबल यांच्या गटाने एकाच पकडलेल्या अणूच्या साहाय्याने घडवले.

१२. दोन अणू ठेवले तर त्यांच्यातले अंतर महत्त्वाचे आहे का?

अत्यंत महत्त्वाचे आहे, आणि तेही तरंगलांबीच्या मापात. अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल, तर दोन्ही अणू मिळून दुप्पट वेगाने उत्सर्जन करणारी एक तेजस्वी आणि वेव्हगाइडमध्ये मुळीच उत्सर्जन न करणारी एक अंधारी अवस्था तयार होते. अंतर पाव तरंगलांबीच्या विषम पटीत असेल, तर सामूहिक उत्सर्जन थांबते आणि दोघांमध्ये शुद्ध देवाणघेवाण उरते, तिचे बळ वाहक-दराच्या निम्मे असते. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात २०१३ साली सुमारे १८.६ मिलिमीटर अंतरावरच्या दोन अतिसंवाहक क्युबिटांमध्ये असे परिणाम मोजले गेले. या प्रयोगांत अंतर बदलण्यासाठी क्युबिट हलवत नाहीत. त्यांची वारंवारता बदलली की तरंगलांबी बदलते आणि तेच अंतर वेगळे ठरते.

अंधाऱ्या अवस्थेचा उपयोगही होतो. कॅलटेकच्या गटाने २०१९ मध्ये दोन्ही बाजूंच्या क्युबिटांना आरसे बनवून मधल्या क्युबिटशी प्रबळ युग्मन साधले. या कॅव्हिटीला धातूच्या किंवा काचेच्या भिंती नव्हत्या, अणूच तिच्या भिंती होते.

१३. अणू एकाच दिशेने जोडता येतो असे ऐकले. मग परावर्तनाचे काय?

परावर्तन राहतच नाही. वेव्हगाइडच्या काही ठिकाणी क्षेत्राचे ध्रुवण वर्तुळाकार असते आणि प्रवासाची दिशा उलटली की त्याच्या फिरण्याची दिशाही उलटते. तेथे ठेवलेल्या अणूचे योग्य संक्रमण निवडले, तर तो एकाच दिशेशी बोलतो. अशा अणूजवळून जाणाऱ्या फोटॉनच्या पारगमनाचा आयाम ‘१ वजा बीटाची दुप्पट’ एवढा असतो. बीटा १ असेल तर आयाम उणे १ होतो. फोटॉन पूर्णच्या पूर्ण पुढे जातो, मात्र त्याची फेज अर्ध्या फेऱ्याने बदललेली असते. फोटॉनांमधील तर्कद्वारांसाठी ही फेज फार मोलाची आहे.

खाचखळगा असा, की येथे बीटा ०.५ असेल तर पारगमन शून्य होते आणि परावर्तनही शून्यच असते, म्हणजे सगळेच फोटॉन गळतीत जातात. पारगमनातली खोल दरी पाहून आनंदून जाण्याचे कारण नाही. दोन दिशांच्या अणूबाबत ती यशाची खूण असते, पण एका दिशेच्या अणूबाबत ती मध्यम युग्मनाचीच खूण ठरते.

१४. अणूची वारंवारता अशी असेल की वेव्हगाइडमधून तो तरंग जाऊच शकत नाही, तर?

आवर्ती रचनेच्या वेव्हगाइडमध्ये वारंवारतांचे निषिद्ध पट्टे असतात. अणूची वारंवारता अशा पट्ट्यात असेल तर त्याला फोटॉन दूर पाठवता येत नाही, पण अणू पूर्णपणे एकाकीही राहत नाही. फोटॉनचा एक अंश अणूभोवतीच्या थोड्या भागात गोठल्यासारखा राहतो आणि दोन्हींची मिळून एक बद्ध अवस्था बनते. सजीव जॉन आणि जिआन वांग यांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली, तर २०१७ मध्ये प्रिन्स्टन येथे अतिसंवाहक परिपथात ती प्रत्यक्षात दिसली. प्रश्न ९ मधील बद्ध अवस्थेशी तिची गल्लत करू नये. ती दोन फोटॉनांची असून प्रवास करते, ही अणू आणि फोटॉनची असून जागच्या जागी राहते.

१५. ‘महाअणू’ म्हणजे काय?

एकाच वेव्हगाइडला एकाहून अधिक दूरदूरच्या बिंदूंवर जोडलेला कृत्रिम अणू. जोडणीच्या बिंदूंवरून निघणारे तरंग आपसांत व्यतिकरण करतात, त्यामुळे काही वारंवारतांवर अणूचे उत्सर्जन बंद पाडता येते. दोन महाअणूंचे जोडबिंदू वेणीसारखे गुंफले, तर दोघेही उत्सर्जन न करता एकमेकांशी देवाणघेवाण करू शकतात. छोट्या अणूंना हे साधत नाही. एमआयटीच्या गटाने २०२० मध्ये ते अतिसंवाहक परिपथात दाखवले.

१६. माझ्या मापनात शिखर वाकडे येते, आणि कधीकधी परावर्तन १०० टक्क्यांच्या वर जाते. अणू बिघडला आहे का?

बहुधा नाही. जोडण्या, तारा आणि चिपच्या कडा यांवरूनही थोडे परावर्तन होते. अणूचा तरंग आणि हा पार्श्वभूमीचा तरंग यांच्या व्यतिकरणातून फानो पद्धतीची असममित रेषा तयार होते. शिखर १०० टक्क्यांच्या वर दिसणे हे आधाररेषा चुकीच्या ठिकाणी धरल्याचे लक्षण आहे. अणूला दूरच्या वारंवारतेवर नेऊन आधी रिकाम्या वाहिनीचे मापन घ्यावे आणि त्याने भागावे.

उलट तक्रारही येते, की परावर्तन आणि पारगमन यांची बेरीज १०० टक्क्यांपेक्षा कमी भरते आणि गळतीचे कारण सापडत नाही. अशा वेळी विफेजन तपासावे. अणूच्या वारंवारतेत बारीक चढउतार होत असतील, तर फोटॉन हरवत नाही, पण त्याचा फेजशी असलेला संबंध तुटतो. फेज मोजणाऱ्या उपकरणाला तो दिसत नाही, शक्ती मोजणाऱ्या शोधकाला दिसतो. परावर्तन सम्मिश्र प्रतलावर आखून पाहणेही उपयोगी पडते. मंद संकेताला वर्तुळ येते, आणि शक्ती वाढवत नेली की ते चपटे होऊन लंबवर्तुळ बनते. पहिल्यापासूनच चपटे येत असेल, तर संकेत पुरेसा मंद नाही.

१७. अतिप्रबळ युग्मनात एका फोटॉनचे अनेक फोटॉन होतात, हे खरे का?

होय, आणि ऊर्जा अक्षय्यतेला कोणताही धक्का न लागता. आतापर्यंतच्या सर्व उत्तरांत एक गृहीतक दडलेले होते. अणू वर जातो तेव्हा एक फोटॉन कमी होतो आणि अणू खाली येतो तेव्हा एक वाढतो, म्हणजे एकूण उत्तेजनांची संख्या कायम राहते. वाहक-दर अणूच्या वारंवारतेच्या मानाने लहान असेल तोवर हे गृहीतक उत्तम चालते. तो वारंवारतेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास पोहोचला, की समीकरणातली एरवी दुर्लक्षिली जाणारी पदे प्रभावी होऊ लागतात आणि संख्येचा नियम मोडतो. तेव्हा ‘एकटा फोटॉन’ आत गेला म्हणून एकटाच बाहेर येईल याची हमी राहत नाही. त्याची ऊर्जा कमी वारंवारतेच्या अनेक फोटॉनांत वाटली जाऊ शकते.

संख्या टिकली नाही तरी सममित परिस्थितीत तिची सम-विषमता टिकते. म्हणून एका फोटॉनचे तीन होऊ शकतात, दोन होऊ शकत नाहीत. अणूवर बाह्य क्षेत्र लावून ही सममिती मोडली, तर दोनही होऊ शकतात. शिवाय अशा व्यवस्थेची मूळ अवस्थाही रिकामी नसते. अणूभोवती आभासी फोटॉनांचे कवच असते आणि त्यामुळे त्याची वारंवारता मूळच्या मूल्यापासून बरीच खाली ओढली जाते. अणूची ‘स्वतःची’ रेषारुंदी किंवा बीटा यांविषयी बोलणे तेथे फारसे अर्थपूर्ण राहत नाही.

२०१७ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथील गटाने फ्लक्स क्युबिट वापरून रेषारुंदी क्युबिटच्या वारंवारतेशी तुलना करण्याजोगी करून दाखवली. मेरीलँड विद्यापीठात व्लादिमीर मनुचार्यान यांच्या गटाने जोसेफसन जंक्शनांच्या (दोन अतिसंवाहकांमध्ये पातळ विद्युतरोधक थर असलेल्या जोडांच्या) लांबच लांब साखळ्यांत, जेथे तरंगाचा वेग अतिशय मंदावतो आणि संरोध खूप वाढतो, एकट्या मायक्रोवेव्ह फोटॉनचे असे विभाजन तपासले. त्यांचे २०२३ मधील काम दाखवते, की साखळीची लांबी मर्यादित असेल तर विभाजन ठरावीक दराचा साधा ऱ्हास म्हणून चालत नाही. मूळ फोटॉन आणि त्यापासून होऊ शकणारी अनेक-फोटॉनी संयोजने एकमेकांत मिसळतात, आणि वर्णपटात एका शिखराच्या जागी बारीक शिखरांचा पुंजका दिसतो.

१८. यावर भारतात कोठे काम चालते?

अतिसंवाहक क्युबिटांवर मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम चालते. पुण्याच्या आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या, ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत संवेदन आणि मापनशास्त्राचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. वेव्हगाइडमधील फोटॉनांच्या सिद्धांतात रस असणाऱ्यांनी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील दिव्येंदु रॉय यांचे काम पाहावे. त्यांनी २०१७ मध्ये दोन सहलेखकांसह लिहिलेला विस्तृत आढावा या क्षेत्रात प्रवेश करणाऱ्यांना चांगला आधार देतो. तो हाती घेण्यापूर्वी दुसऱ्या क्वांटीकरणाची ओळख आणि ‘इनपुट-आउटपुट’ पद्धतीची एक उजळणी झालेली असावी.